तुम्ही विचारलंत म्हणून: हेलिकॉप्टर शिकायला काय लागतं

"गो बाय, आमच्या झिलाक हेलिकॉप्टर शिकूक धाडूचा आसा. पैशे किती लागतत?"

हा प्रश्न मला आचऱ्याच्या तिठ्यावर विचारून झालाय, कणकवली स्टेशनच्या बाकावर विचारून झालाय, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर बाराव्याच्या जेवणातही. गणपतीत घरी गेले की आरती संपायचा अवकाश, कुणीतरी आपल्या पोराला पुढे ढकलतं. मी उभ्याउभ्या काहीतरी सांगते, ते अर्धवट राहतं, मग तो मुलगा रात्री मेसेज करतो. म्हणून एकदाच नीट लिहिते. मी जुहूहून हेलिकॉप्टर उडवते, समुद्रातल्या तेलाच्या रिगवर माणसं नेते-आणते. शिकले ती सिव्हिलमधून, म्हणजे घरचे आणि बँकेचे पैसे घालून. शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा नेव्हीतून किंवा हवाई दलातून आलेले कॅप्टन असतात. त्यामुळे दोन्ही वाटा मला जवळून ठाऊक आहेत.

आधी सरळ उत्तर. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं. कमर्शियल लायसन्सच्या वेळी वय 18 पूर्ण हवं. डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं, क्लास वन मेडिकल हवं. लेखी पेपर पास व्हावे लागतात, रेडिओवर बोलण्याचं वेगळं लायसन्स काढावं लागतं, आणि हेलिकॉप्टरवर 150 तासांचं उड्डाण लागतं. त्या तासांत काही एकटीने केलेले, काही लांब पल्ल्याचे, काही बाहेर न बघता फक्त समोरच्या उपकरणांकडे बघून केलेले, काही रात्रीचे. मग परीक्षक बरोबर बसतो, चेक घेतो, आणि तुमच्या हातात कमर्शियल हेलिकॉप्टर पायलटचं लायसन्स येतं.

यातलं काहीही सामान्य हुशारीच्या, कष्टाळू मुलाला न झेपणारं नाही. पण लायसन्स हातात आल्यावर पुढचे तास कोण देणार, हे मला कोणीही विचारत नाही. मला सांगायचंय ते तेच. तिथपर्यंत जाण्याआधी बाकीचं सांगते.

मेडिकलपासून सुरुवात करा. पैसे भरण्याआधी, क्लास लावण्याआधी, पाहुण्यांना पेढे वाटण्याआधी. पहिलं क्लास टू होतं, ते डीजीसीएच्या यादीतले डॉक्टर करतात, मुंबई-पुण्यात सहज मिळतात. मग क्लास वन. त्यात डोळे, कान, ईसीजी, पट्ट्यावर पळवून घेतलेली हृदयाची चाचणी, एक्स-रे, सोनोग्राफी, रक्त-लघवी, सगळं आलं. चष्मा चालतो, हे आधी सांगून टाकते, कारण निम्मी पोरं चष्म्यामुळेच घाबरून मागे फिरलेली असतात. चष्मा लावून नीट दिसलं म्हणजे झालं. रंगांची गोष्ट मात्र वेगळी. ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळात लपलेला आकडा वाचता आला पाहिजे. लाल-हिरव्याचा घोळ असलेल्या मुलाला तो घोळ आहे हे वीस वर्षांत कळलेलंही नसतं, आणि तो कळण्याची जागा म्हणजे फी भरल्यानंतरचं मेडिकल असू नये. काही वेळा वजन किंवा रक्तदाब यांमुळे 'टेम्पररी अनफिट' असा शेरा येतो. त्याने हातपाय गाळू नका, मुदत असते, सुधारून पुन्हा जाता येतं. आणि हे मेडिकल एकदा करून संपत नाही. माझं दरवर्षी होतं, त्या आठवड्यात आई घावणे करायचं बंद करते.

पेपरांबद्दल लोक उगाच बाऊ करतात. एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, मीटिओरॉलॉजी, टेक्निकल जनरल आणि तुम्ही ज्या हेलिकॉप्टरवर शिकणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात 70 टक्के लागतात. त्याआधी डीजीसीएच्या पोर्टलवर मार्कशीट वगैरे पडताळून कॉम्प्युटर नंबर, म्हणजे पेपरांसाठीचा तुमचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. बोर्डाकडून मार्कशीटच्या पडताळणीला वेळ लागतो, म्हणून ते बारावीच्या निकालानंतर लगेच सुरू करा. ज्यांनी बारावीला मॅथ्स किंवा फिजिक्स घेतलं नव्हतं, त्यांना तो विषय मुक्त विद्यालयातून देता येतो. तसं करून आलेले चांगले पायलट मी पाहिलेत.

मीटिओरॉलॉजीत कोकणातल्या पोरांनी तरी नापास होऊ नये असं मला वाटतं. खारे वारे आणि मतलई वारे आपण भूगोलात शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. पण तळाशीलच्या किंवा देवबागच्या, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराला विचारा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई कधी पडतो, अकराच्या सुमाराला खारा कसा उभा राहतो, दुपारी तो किती चढतो, हे तो घड्याळ न बघता सांगेल. पायलटला तेच लागतं, कारण हेलिकॉप्टरही वाऱ्याकडे तोंड करूनच उतरवायला आवडतं. डिसेंबरात खाडीवर साचलेलं धुकं सूर्य वर आला की किती वेळात उठतं, एप्रिल-मे महिन्यात सगळीकडे धूसर का दिसतं, जूनमध्ये घाटमाथ्याला ढग टेकले की खिंडी कशा बंद होतात, हे सगळं पुस्तकात आहे. आपल्या दारातही आहे. मी पुस्तक वाचताना प्रत्येक धड्याला आमच्याकडची एकेक जागा आठवत गेले, आणि पाठांतराचं कामच उरलं नाही.

इंग्रजीची भीती हा दुसरा बाऊ. रेडिओवर बोलण्यासाठी आरटीआर नावाची परीक्षा असते. पूर्वी ती दूरसंचार खात्याकडे होती, 2024 च्या नव्या विमान कायद्याने ती डीजीसीएकडे आली. शिवाय इंग्रजी बोलण्या-समजण्याची पातळी तपासतात, तिच्यात किमान चौथी पातळी लागते. पण विमानाच्या रेडिओवरचं इंग्रजी हे ठरीव वाक्यांचं इंग्रजी आहे. कंट्रोलरने जे सांगितलं ते जसंच्या तसं वाचून दाखवायचं. हो म्हणायचं असेल तर 'अफर्म', नाही म्हणायचं तर 'निगेटिव्ह', ऐकू आलं नाही तर 'से अगेन'. नऊला 'नाइनर', पाचाला 'फाइफ', तीनाला 'ट्री'. मराठी माध्यमातल्या मुलांचं यात खरं तर बरं असतं, कारण ती घोकून तयारी करतात. मोडतात ती फडाफड बोलणारी, ज्यांना स्वतःची वाक्यं बनवायची हौस असते.

आता उड्डाण. इथे जरा थांबते, कारण हे कुठल्याच माहितीपत्रकात नीट लिहिलेलं नसतं.

हेलिकॉप्टरला तीन गोष्टी हाताळायच्या असतात. उजव्या हातात सायक्लिक, त्याने यंत्र पुढे-मागे-बाजूला झुकतं. डाव्या हाताशी कलेक्टिव्ह, ते वर ओढलं की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र उचललं जातं. पायांखाली पेडल, त्यांनी शेपटीचा छोटा पंखा काबूत राहतो आणि नाक हवं तिकडे वळतं. यातली एक गोष्ट हलवली की बाकीच्या दोन बिघडतात. कलेक्टिव्ह ओढलं की नाक एका बाजूला फिरायला लागतं, म्हणून पाय द्यायचा. पाय दिला की यंत्र सरकायला लागतं, म्हणून सायक्लिक. सायक्लिक दिलं की थोडी उंची जाते, म्हणून पुन्हा कलेक्टिव्ह. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर एका जागी स्थिर राहायचं, याला हॉवर म्हणतात, आणि शिकणाऱ्याचा पहिला घाम तिथेच निघतो. इन्स्ट्रक्टर सुरुवातीला एकच गोष्ट तुमच्या ताब्यात देतो, बाकी दोन स्वतःकडे ठेवतो. फक्त पाय सांभाळ. ते जमलं की फक्त कलेक्टिव्ह. सायक्लिक सर्वांत शेवटी. आणि ते हातात आलं की यंत्र मैदानभर भरकटतं. तुम्ही उजवीकडे जातंय म्हणून डावीकडे मारता, तोवर ते स्वतःच परत यायला निघालेलं असतं, आता दुप्पट जोराने डावीकडे जातं.

लहान होडीत उभं राहायला शिकताना जे होतं तेच इथे होतं: डुलणं थांबवायला जितकं झगडाल तितकं ते वाढतं. मनगट मांडीवर टेकवायचं, दोन बोटांत सायक्लिक धरायचं, नजर समोर लांबवर ठेवायची, आणि दाब इतका हलका द्यायचा की हात हलला हे बघणाऱ्याला कळू नये. कुणीही समजावून हे येत नाही. बरेच दिवस काहीच जमत नाही, आणि एका सकाळी यंत्र जागच्या जागी उभं असतं, आपण काय वेगळं केलं हे आपल्यालाही सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट ऑटोरोटेशन. गावात सगळ्यांना वाटतं की इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं खाली येतं. तसं नाही. इंजिन गेल्यावर ताबडतोब कलेक्टिव्ह खाली टाकलं, तर खालून वर येणारी हवाच पाती फिरवत ठेवते, आणि त्या फिरण्यात साठलेली ताकद जमिनीजवळ एकदाच वापरून यंत्र अलगद टेकवता येतं. मेख 'ताबडतोब' या शब्दात आहे. ज्या लहान, हलक्या पात्यांच्या दोन-सीटर यंत्रावर बरेच जण शिकतात, त्या रॉबिन्सन आर-22 वर कलेक्टिव्ह टाकायला जेमतेम सेकंद-दीड सेकंद मिळतो. तेवढ्यात विचार करायला सवड नसते, हाताला सवय असावी लागते. म्हणून इन्स्ट्रक्टर गप्पा मारता मारता अचानक थ्रॉटल बंद करतो. पहिल्यांदा पोट वर येतं. मग जागा निवडायची, वाऱ्याकडे वळायचं, वेग राखायचा, पात्यांचे आरपीएम हिरव्या पट्टीत ठेवायचे, जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मारायचा आणि शेवटच्या क्षणी कलेक्टिव्ह ओढायचं. लवकर ओढलं तर पात्यांतली ताकद हवेतच संपते, उशिरा ओढलं तर स्किड, म्हणजे यंत्राखालचे टेकायचे दांडे, वाकतात. हे शेकडो वेळा करून घेतात. मला विचाराल तर 150 तासांतलं खरं शिक्षण हे आहे. बाकीचं नकाशे आणि कागद.

"मुलींना जमतं का?" हाही प्रश्न येतो, बहुतेक वेळा मुलीच्या आईकडून. दोन बोटांत धरायचं असतं, असं मी सांगितलंच वर. पुढचा प्रश्न.

शिकायचं कुठे? भारतात विमानाच्या फ्लाइंग स्कूल भरपूर आहेत, हेलिकॉप्टरच्या मोजक्याच. बेंगळुरूची एचएएलची रोटरी विंग अकादमी हे त्यातलं जुनं नाव. जागा कमी, रांग मोठी. म्हणून बरीच मुलं अमेरिकेत वगैरे जातात. तिकडे तास भराभर होतात, हवामान चांगलं असतं, यंत्रं भरपूर असतात. पण तिकडचं लायसन्स घेऊन इथे उतरलात आणि दुसऱ्या दिवशी उडायला लागलात असं होत नाही. इथले पेपर, इथलं मेडिकल, इथला चेक, हे सगळं करून ते भारतीय लायसन्समध्ये बदलून घ्यावं लागतं. शहाणी मुलं जाण्याआधीच इथले पेपर देऊन टाकतात, परत आल्यावर पुस्तक उघडायचा कंटाळा येतो.

आणि पैसे. आकडा सांगत नाही, कारण तो डॉलरबरोबर हलतो आणि तुम्ही तो वहीत लिहून पुढच्या वर्षी माझ्याशी भांडाल. एवढं धरा की हेलिकॉप्टरचा तास लहान विमानाच्या तासापेक्षा ढोबळमानाने दुप्पट महाग पडतो, आणि सगळं मिळून रक्कम अशी होते की हापूसचा एखादा चांगला हंगाम त्याला पुरत नाही, कलमांची बाग गहाण पडते. म्हणून कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन बघा. हँगरमध्ये यंत्रं किती आहेत ते विचारू नका, आज उडण्याच्या स्थितीत किती आहेत ते विचारा. इन्स्ट्रक्टर किती, विद्यार्थी किती. गेल्या बॅचचं शेवटचं पोर किती महिन्यांत बाहेर पडलं. फीमध्ये कर, परीक्षकाची फी, राहणं-जेवण धरलंय की ते मागाहून निघणार आहे. तिथे शिकत असलेल्या दोन मुलांना गेटबाहेर चहाला न्या, ती जे सांगतील ते ऑफिसात कोणी सांगणार नाही. आणि सगळी रक्कम एकदम भरू नका. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने एका संस्थेत सगळे पैसे आधी भरले, यंत्र दुरुस्तीला गेलं, इन्स्ट्रक्टर सोडून गेला, आणि तो दोन पावसाळे घरी बसून व्याज फेडत राहिला. 'शंभर टक्के नोकरी' असं लिहिलेली पाटी दिसली तर उलट पावली फिरा. पायलटला नोकरी फ्लाइंग स्कूल देत नाही.

आता तो न विचारलेला प्रश्न.

150 तासांचं लायसन्स घेऊन तुम्ही बाहेर पडता. कायद्याने तुम्ही पगार घेऊन हेलिकॉप्टर उडवू शकता. पण कोणासाठी? आपल्या देशात नागरी हेलिकॉप्टरं मुळात काही शेकड्यांत आहेत. समुद्रातल्या रिगवर माणसं पोचवण्याचं काम आहे, तिथे दोन इंजिनांची मोठी यंत्रं आणि दोन पायलट असतात, आणि तेल कंपन्या कॅप्टनकडेच काय, को-पायलटकडेही अनुभव मागतात. केदारनाथचं काम आहे, तिथलं मंदिरच साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, हवा विरळ, दऱ्या अरुंद, ढग क्षणात भरतात. तिथे डोंगरात उडण्याचा वेगळा अनुभव लागतो, आणि लागायलाच हवा, 2025 च्या मे-जूनमध्ये उत्तराखंडात हेलिकॉप्टरांचे कसे अपघात झाले ते सगळ्यांनी वाचलंय. नेत्यांची आणि उद्योगपतींची यंत्रं आहेत, तिथे मालकाला अर्थातच केस पिकलेला कॅप्टन हवा असतो. म्हणजे प्रत्येक दारावर अनुभव मागतात, आणि अनुभव मिळवायचं दार कुठेच उघडं नाही.

अमेरिकेत या कोंडीवर उपाय आहे. तिकडे लायसन्स झालं की मुलं पुढचं रेटिंग करून त्याच शाळेत इन्स्ट्रक्टर होतात, नव्या पोरांना शिकवता शिकवता स्वतःचे हजारभर तास भरतात, आणि मग पर्यटनाच्या किंवा समुद्रावरच्या कामाला लागतात. परक्या मुलाला व्हिसा देईल तितकंच तिथे राहता येतं, त्यामुळे ही शिडी आपल्यासाठी बहुतेक वेळा अर्ध्यातच संपते. आणि इथे शाळाच मोजक्या, तर इन्स्ट्रक्टरच्या जागा कुठून येणार? सर्वांत वरचं लायसन्स, एटीपीएल, त्याला 1,000 तास लागतात. दीडशे ते हजार यांच्यामध्ये जी दरी आहे, तिच्यात अनेक चांगली मुलं वर्षानुवर्षं अडकतात. काही जण कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये डेस्कवर बसतात, फ्लाइट प्लॅन भरतात, सीट रिकामी होण्याची वाट बघतात. दरम्यान लायसन्स जिवंत ठेवायला मेडिकल, चेक, उड्डाणाचे तास यांवर खर्च चालूच. मी त्या दरीतून आले ती थोडी चिकाटीने आणि बरीचशी नशिबाने, आणि नशिबाच्या भरवशावर बाग गहाण टाका असं मी कुणाला सांगणार नाही.

मग या सीटवर बसलेले बाकीचे आले कुठून? फौजेतून. तिथे तुमच्यावर खर्च सरकार करतं, आणि तासही तेच देतं. म्हणून बारावीच्या आतलं पोर समोर उभं असेल तर मी आधी एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, नाव घेते. साडेसोळा ते साडेएकोणीस वय, हवाई दल-नौदलासाठी फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, आणि 2022 पासून मुलींनाही खडकवासला उघडं झालंय. पदवी झालेल्यांसाठी हवाई दलाची एएफकॅट ही प्रवेश परीक्षा आहे, आणि तटरक्षक दलात असिस्टंट कमांडंट म्हणून पायलटची वाट आहे. हवाई दलाचे हेलिकॉप्टर पायलट हैदराबादजवळ हकिमपेठला शिकतात, नौदलाचे तमिळनाडूत अरक्कोणमला, सैन्याचे तर आपल्या नाशिकला. निवडीत एक संगणकावरची पायलटची चाचणी असते, सीपीएसएस. ती आयुष्यात एकदाच देता येते. तिची तयारी न करता नुसतं बघून येऊ म्हणून जाणारे बघितले की माझा जीव तुटतो.

यावर मुलं म्हणतात, पण फौजेत निवड होणं किती अवघड! आहे अवघड. पण त्या अवघडपणाला पैसे पडत नाहीत. अपयश आलं तरी बाग शाबूत असते आणि वय लहान असतं, सिव्हिलची वाट तेव्हाही मोकळी असतेच. क्रम एवढाच: आधी फुकटची अवघड वाट, मग महागडी.

तटरक्षक दलाचं नाव आपल्याकडे अनोळखी नाही. रत्नागिरीला त्यांचा हवाई तळ आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा मदतीला हेलिकॉप्टरं आलेली अनेकांनी स्वतःच्या गच्चीवरून पाहिलीत. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-305 बार्ज बुडाली, तेव्हा नौदलाने युद्धनौकांबरोबर हेलिकॉप्टरंही त्या हवेत काढली होती. हे काम पैसे भरून शिकता येत नाही, म्हणून सांगितलं.

माझ्या स्वतःच्या कामातली एकच गोष्ट सांगते, कारण तिचं ट्रेनिंग आपल्या शेजारीच होतं. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर आत आहे, जुहूहून पाऊण तासाच्या आसपास. खाली फक्त पाणी. त्यामुळे पायलट असो की रिगवरचा वेल्डर, प्रत्येकाला पाण्याखालून सुटायचं ट्रेनिंग घ्यावं लागतं, त्याला ह्युएट म्हणतात. दक्षिण गोव्यात बेतूलला ओएनजीसीचं समुद्रातल्या बचावाचं केंद्र 6 फेब्रुवारी 2024 ला सुरू झालं, तिथे याची सोय आहे. हेलिकॉप्टरच्या आकाराचा एक डबा असतो. त्यात पट्टे बांधून बसवतात, डबा तलावात सोडतात, पाणी छातीपर्यंत आलं की श्वास भरून घ्यायचा, आणि मग डबा उलटा होतो. डोकं खाली, नाकात पाणी, वर कुठलं आणि खाली कुठलं कळेनासं होतं. एका हाताने खिडकीची कड पकडलेली असते ती सोडायची नाही. डबा हलायचा पूर्ण थांबेपर्यंत काहीही करायचं नाही, हे सर्वांत कठीण. मग खिडकी ढकलायची, आणि पट्टा सगळ्यात शेवटी सोडायचा. आधी सोडला की माणूस आत तरंगतो आणि दिशा हरवते. खाडीत पोहत वाढलेली आमची पोरं इथे छाती काढून येतात आणि पहिल्या फेरीत पट्टाच आधी सोडतात, कारण पोहणाऱ्याचा हात मोकळं व्हायला धावतो. 28 जून 2022 ला सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं, आतल्या नऊपैकी चौघे गेले. म्हणून या डब्याला कोणी हसत नाही.

छोट्या गोष्टी भरभर. ड्रोन पायलट म्हणजे हे नव्हे. कलमांवर फवारणी करायचा ड्रोन चालवायला दहावी पास आणि 18 वर्षं पूर्ण असली की मान्यताप्राप्त संस्थेतून सर्टिफिकेट घेता येतं, आणि आपल्या बागायतदारांच्या मुलांना खरं सांगायचं तर तो धंदा आधी बघावा. दारू: उड्डाणाआधी 12 तास थेंबही नाही, आणि ड्यूटीआधी नळीत फुंकायचं असतं. शिमग्याला आग्रह करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, मी शिष्टपणा करत नाही. निवृत्तीचं वय 65.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, जो मोठी माणसं हसत विचारतात आणि लहान मुलं खरोखर विचारतात: "एकदा शाळेच्या ग्राउंडार उतरव गो!" बाबांनो, यंत्र कंपनीचं आहे. शिवाय ग्राउंडवर उतरायचं तर जिल्हा प्रशासनाची परवानगी, पोलीस, आगीचा बंब, जागेची आधी पाहणी, तारा आणि माड किती जवळ आहेत याचा नकाशा, हे सगळं लागतं. आणि मैदानावर पाणी भरपूर मारावं लागतं. 3 मे 2024 ला महाडला एका नेत्याला न्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरताना कलंडलं, माणसं वाचली; त्या व्हिडिओत मैदानावरची धूळ कशी उठते ते बघा. पात्यांचा वारा माती उडवतो, समोरची जमीन दिसेनाशी होते, आणि हॉवरसाठी जी लांबवरची खूण धरून ठेवायची असते तीच जाते. आमच्या ग्राउंडची माती लाल आणि हलकी, मे महिन्यात विहिरींना पाणी नाही, टँकर ग्रामपंचायत देणार की शाळा, यावर एक सभा होईल. ती होऊन ठराव पास होईपर्यंत मी आपली कोकणकन्येनेच येते.